अक्का, तू तिकडे आजारी होतीस

मेलवीथी, तंजावूर
कार्तिक शुद्ध चतुर्थी (एकादशीस सात दिवस)

तीर्थरूप चंद्रमती अक्काच्या पायांशी धाकट्या वादिराजाचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे साष्टांग आता प्रत्यक्षात जमत नाही, पण कागदावर अजून घालता येतो, तो मानून घ्यावा.) इकडे मी आणि कमलाक्षी ठीक आहोत. तिचा खोकला गेला, माझी साखर आहे तिथेच आहे. तिकडे श्रीकर आणि सूनबाई वाणी खुशाल असतील. तुझी तब्येत ठणठणीत आहे हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि या पत्राचं खरं दुखणं तेच आहे.

फोन तू उचलत नाहीस. मी अकरा वेळा केला. अकराही वेळा वाणीनं उचलला आणि 'अत्तै पूजेत अहेत, मामा' असं सांगितलं. सकाळी सातची पूजा मी समजू शकतो, पण दुपारी तीन वाजता कसली पूजा? त्या वेळी देवही जरा आडवा होतो. व्हॉट्सॲपवर लिहिलं तर दोन निळ्या खुणा उमटतात, म्हणजे तू वाचतेस, आणि पुढे काही नाही. शाळेत गणित शिकवायचीस तेव्हा फार चुकलेल्या मुलाची वही तू एक अक्षर न लिहिता परत द्यायचीस, तसंच हे. म्हणून आता पत्र. तेही देवनागरीत, कारण अप्पांनी बोटांवर पट्टी मारून ही अक्षरं आपल्या दोघांनाच शिकवली, आणि तुझ्या घरात तमिळ आणि इंग्रजीपलीकडे कोणाला वाचता येत नाही. पुढे जे लिहिलंय ते सुनेनं वाचू नये अशी माझी इच्छा आहे. (कमलाक्षी आत्ता माझ्या खांद्यावरून बघते आहे आणि 'एवढं काय लिहितां' म्हणून विचारते आहे. तिलाही वाचता येत नाही. अप्पांच्या पट्टीचे फार उपकार.)

सगळं पहिल्यापासून सांगतो, म्हणजे चूक कुठे सुरू झाली ते तुला कळेल, आणि ती माझ्यापासून जरा लांबच सुरू झाली हेही कळेल. गेल्या मार्गळी महिन्यात आपली भजन मंडळी पहाटे वीथीतून गात चालली होती. पुढे तू, हातात त्या इवल्या झांजा, आपल्या जालरा. मागे आम्ही आठ जण. कोपऱ्यावर एक उंच गोरी बाई स्वेटर घालून उभी होती (तंजावुरात स्वेटर, तेव्हाच मला संशय यायला हवा होता) आणि तुझ्याकडे बघत डोळे पुसत होती. तीच हेल्गा. ऑस्ट्रियात लिंडनबाख म्हणून डोंगरातलं गाव आहे, तिथल्या कॉयरची ती प्रमुख. त्यांच्या चर्चमध्ये दर ऑक्टोबरात देशोदेशीचे गाणारे जमतात. तिनं आपल्यालाही बोलावलं. बोलावणं मंडळीच्या लीडरला होतं, आणि मंडळीची ईमेल मी चिटणीस म्हणून उघडतो. इथवर माझा काही दोष नाही.

मग तो नियम आला. सत्तरीच्या वरच्या व्यक्तीस आणू नये, असा त्यांचा नियम, मी तुला छापील कागद दाखवला होता. तू चौऱ्याहत्तरची. तू तो कागद दोन वेळा वाचलास, चष्मा पुसलास, 'बरं' म्हणालीस आणि जालरा पिशवीत घालून घरी, पापनाशमला जायची गाडी धरलीस. तुकोजी शहात्तर वर्षांचे असून कसे आले, हे तू तेव्हा विचारलं नाहीस, म्हणून आता सांगतो. मृदंग वाजवणाऱ्याची गणना तिकडे वाद्यात होते, माणसांत होत नाही.

चेन्नईला व्हिसाच्या खिडकीतल्या मुलीनं विचारलं, तुमच्यात लीडर कोण? मी म्हटलं, मी. अक्का, अडुसष्ट वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं. इतकं सोपं होतं ते. परत येताना गाडीत मी खिडकीची जागा आपल्या पेटीवाल्या रघुरामला न देता स्वतः घेतली, आणि विळुप्पुरमपर्यंत बाहेर बघत बसलो. बाहेर काही नव्हतं.

प्रवासाचं थोडक्यात लिहितो. (कमलाक्षीच्या मते मला थोडक्यात काही येत नाही, पण तिला हे वाचता येत नाही.) पुळियोदरैचे, आपल्या चिंचभाताचे, सहा डबे नेले होते, ते चार दिवस पुरले. पुढे उकडलेला बटाटा. तिकडे बटाट्याला भाजीही धरतात आणि भातही धरतात. मृदंगाच्या डाव्या तोंडाला वाजवण्याआधी भिजवलेला रवा थापावा लागतो, हे तुला सांगायला नको, पण विमानतळावरच्या शिपायाला सांगावं लागलं. तुकोजींच्या पिशवीत रव्याचा पुडा निघाला. हे कशाला, असं त्यानं विचारल्यावर तुकोजींनी मृदंगाकडे बोट दाखवून याच्यासाठी, असं सांगितलं, आणि तो शिपाई बराच वेळ मृदंगाकडे आणि रव्याकडे आळीपाळीनं बघत राहिला. शेवटी सोडलं. सोडलं नसतं तर पुढचं बरंच टळलं असतं.

उतरलो तिथे हेल्गा फुलं घेऊन उभी. आम्ही आठही जण वेष्टी-धोतरांवर स्वेटर आणि डोक्याला माकडटोप्या अशा थाटात. तिनं एकेका टोपीत डोकावून बघितलं आणि नमस्काराच्या आधी विचारलं, ती बाई कुठे आहे, इवल्या झांजांची? आता, नियम त्यांचाच असताना तिनं असं का विचारावं, असं तुला वाटेल. मलाही त्या क्षणी फार अवघड वाटलं. मी म्हटलं, आजारी आहे. इंग्रजीत तर तो शब्द फारच लहान आहे, तोंडातून कधी निसटला कळलंही नाही.

पण त्या गावात लहान शब्दाला फार लवकर मुळं फुटतात. दुसऱ्या दिवशी न्याहारीला तिच्या कॉयरमधल्या म्हाताऱ्या माझ्याभोवती जमल्या, काय झालंय म्हणून. मी गुडघे म्हटलं. तेवढ्यानं त्यांचं समाधान होईना (गुडघे तिकडे सगळ्यांचेच दुखतात), तेव्हा मी नुसता हात छातीकडे नेला. काही बोललो नाही, नुसता नेला. तिसऱ्या दिवशी चर्चमध्ये तुझ्या नावाची मेणबत्ती लागली. खाली कागदावर त्यांनी स्वतःच्या समजुतीनं 'चांड्रामाटी' असं लिहिलं होतं. आम्ही तालमीला जाता-येता ती दिसायची, आणि विझत आली की कोणी ना कोणी नवी लावायचं. अक्का, मी बृहदीश्वराच्या गाभाऱ्यातही कधी एवढ्या भीतीनं मान खाली घातली नाही. चौथ्या दिवशी चार म्हाताऱ्या तुझ्यासाठी विणायला बसल्या.

आपल्या मंडळीला यातलं काही माहीत नव्हतं, कारण लीडर म्हणून बोलायचं काम माझं. तुकोजींना इंग्रजी येतं, रेल्वेत गार्ड होते ते, पण न्याहारीच्या वेळी ते मृदंग हीटरपासून किती लांब ठेवावा या काळजीत असत. शिवाय मंडळीला मी निघण्याआधीच सांगून ठेवलं होतं की अक्का स्वतःच नको म्हणाली, थंडी सोसत नाही म्हणून. म्हणजे तुला एक कारण, मंडळीला दुसरं आणि हेल्गाला तिसरं. तिघंही तीन वेगवेगळ्या ठिकाणी होती तोवर काही बिघडलं नाही. तू म्हणायचीस ना, वादीला बेरीज येत नाही, तेच खरं.

आता कार्यक्रमाचा दिवस. आपल्याला बारा मिनिटं दिली होती. बारा मिनिटांत आपल्याकडे माणसं नीट मांडी घालूनही होत नाहीत. म्हणून मी ठरवलं, एकच पद म्हणायचं, अप्पांनी बांधलेलं. 'कावेरीच्या वाळूमध्ये पावलें ही सावळ्याची.' मार्गळीत तू तेच म्हणत होतीस आणि हेल्गानं तेच ऐकलं होतं. सकाळी आमच्या मुक्कामावरच्या स्वयंपाकीणबाईंनी मोठ्या मायेनं दुधातली गोड खीर वाढली, वर दालचिनी. आम्ही दोन दोन वाट्या खाल्ल्या, सगळ्यांनी वाहवा केली, आणि मग तुकोजी आपला रव्याचा पुडा शोधायला लागले. रघुरामनं फक्त आपल्या वाटीकडे बघितलं. शेवटी गावातल्या बेकरीतून कणकेचा गोळा आणला. पखवाजाला कणीक चालते, मग मृदंगाला न चालायला काय झालं, असं तुकोजी म्हणाले, आणि ते बरोबरच होतं. फक्त ती पावाची कणीक होती, फुगायला ठेवलेली, आणि चर्चमध्ये गरम हवा सोडतात, हे आमच्या ध्यानात आलं नाही.

तिकडे पायऱ्यांवर उभं राहून गातात. आपण उभ्यानं फक्त आरती म्हणतो. बरीच बोलणी झाली, मग त्यांनी व्यायामशाळेतल्या निळ्या गाद्या आणून घातल्या आणि आपण बसलो. मी पुढे बसलो, तुझ्या जागेवर. बसल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की तिथून आपल्या मंडळीतलं कोणीच दिसत नाही. सगळे पाठीमागे. एवढी वर्षं मला वाटायचं पुढे बसणाऱ्याला सगळं दिसत असेल.

मग हेल्गा उठली आणि सगळ्यांना कळावं म्हणून सावकाश, एकेक शब्द सोडवत इंग्रजीत बोलली. या मंडळीची लीडर, आपली लाडकी चांड्रामाटी, दूर भारतात अंथरुणाला खिळून आहे, हृदय फार अशक्त झालंय, हे गाणं तिच्यासाठी. लोकांनी माना खाली घातल्या. माझ्या मागे मृदंगावर सूर लावणारा हात थांबला. तुकोजी पुढे वाकून कानाशी म्हणाले, 'अक्कांस काय जालं? कधी जालं? मज कां सांगितलं नाही?' मी म्हटलं, नंतर सांगतो. त्या 'नंतर'चा त्यांनी फार वाईट अर्थ घेतला. त्यांचे डोळे भरून आले, मग रघुरामला कळलं, मग एकेक करत सातही जण रडायला लागले. मागे सात माणसं तुझ्यासाठी रडत होती, समोर चारशे माणसं तुझ्यासाठी मान खाली घालून बसली होती, आणि मधोमध मी.

मी पहिली ओळ दिली. मंडळीनं घेतली. मी पुन्हा दिली, त्यांनी पुन्हा घेतली. मग पुढची द्यायची वेळ आली आणि अक्का, पुढची ओळ नव्हती. जिभेवर नव्हती, डोक्यात नव्हती, कुठेच नव्हती. रियाज केला नाही असं कोणी म्हणू नये, दोन महिने रोज संध्याकाळी केला. पण कसा केला, तर तुझं रेकॉर्डिंग लावून. तू पुढे म्हणायचीस, मी मागून म्हणायचो, आणि मला वाटायचं मला पाठ आहे. चाळीस वर्षं मी असाच मागून म्हणत आलो. मागून म्हणणाऱ्याला सगळं येतं असंच वाटत राहतं.

आणि आपली शिस्त तर तुला ठाऊक आहे. पुढच्यानं नवी ओळ दिल्याशिवाय मागच्यांनी हातातली सोडायची नाही, आणि ओळ लांबली तर लय चढवायची. पुढच्याला दम घ्यायचा असेल, देव आठवायचा असेल, तर मागचे ओळ धरून ठेवतात. त्यांनी धरून ठेवली. माझी मान तशीच ताठ बघून त्यांना वाटलं, अक्कासाठी म्हणतोय, आज याला एकाच ओळीत राहायचं आहे. तुकोजींनी डोळे पुसत लय चढवली. पाचव्या मिनिटाला समोरच्या लोकांना वाटलं की गाणं एवढंच आहे, आणि ते पायानं ठेका धरू लागले. सातव्या मिनिटाला कणीक फुगायला लागली, मृदंगाचं डावं तोंड वर आलं आणि कपाटाचं दार ठोठावल्यासारखा आवाज निघू लागला. नवव्या मिनिटाला ते चारशे लोक आपल्याबरोबर म्हणायला लागले, 'कावेरीचा वाळूमद्दे'. बाराव्या मिनिटाला घंटा वाजली. पण थांबायचं कसं? थांबायची खूण तुझ्या जालरात असते, तुझा तो एक उलटा ठोका पडला की सगळे जिथल्या तिथे थांबतात. जालरा पापनाशमला. मी हात वर केला तर मागच्यांना वाटलं, आणखी चढवा. शेवटी फुगलेला गोळा सुटून गादीवर पडला, तुकोजी थांबले, म्हणून आम्ही थांबलो. सोळा मिनिटं झाली होती.

लोक उभे राहिले, अक्का. टाळ्या संपेनात. त्यांनी आपल्याला एक लाकडी पाटी दिली, तिच्यावर 'एका ओळीत सारं सांगणाऱ्या मंडळीस' अशा अर्थाचं कोरलं आहे. ती मी घरी आणून हॉलमध्ये लावली आणि दुसऱ्या दिवशी काढली. येणारा प्रत्येक जण विचारतो, कुठली ओळ?

टाळ्या चालू असतानाच तुकोजी आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी तुला फोन लावला. फोनच्या तुझ्या टोकाला काय झालं ते तुला माहीत आहे, माझ्या टोकाला काय दिसलं ते सांगतो. आधी ते बोलत होते आणि रडत होते. मग नुसतं ऐकत होते. मग त्यांनी फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे बघितलं. एवढंच म्हणाले, 'अक्का कॉफी गाळत अहेत.' नंतर विमानतळावर, मी फार विचारल्यावर, त्यांनी सांगितलं की तू काही रागावली नाहीस, कोणाला बोल लावला नाहीस, फक्त विचारलंस, पद कसं झालं? ते म्हणाले, एकच ओळ झाली. आणि तू फोन ठेवलास.

तेव्हापासून मी विचार करतो आहे की तुला राग नक्की कशाचा आला, माझ्या खोट्याचा की पदाचा. खोट्याचा असेल तर माफी मागता येते, ती मी या कागदावर मागतो. पदाचा असेल तर काय करावं हे मला कळत नाही. परतीच्या विमानात रघुराम माझ्या शेजारून उठून मागच्या रांगेत जाऊन बसला. तीन जणांची जागा मला एकट्याला, खिडकीसकट.

आल्यापासून भजनाच्या दोन एकादश्या गेल्या. पहिलीला रघुराम आला, पण पेटी न्यायला आला. दुसरीला कोणीच आलं नाही. मी चटया घातल्या, समई लावली, पुढे बसायला धीर झाला नाही म्हणून भिंतीला टेकून बसलो. कमलाक्षी म्हणाली, बसलांत तर काही म्हणा तरी. मी पहिली ओळ म्हटली. मागून कोणी म्हटली नाही. आपल्या घरात त्या ओळीनंतर एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मला फार वाईट वाटलं, अक्का. मंडळी अप्पांनी चालवली, तू चालवलीस, पंचाहत्तर वर्षांत पुरातही एक एकादशी चुकली नाही, आणि मी एका ओळीत बंद पाडली.

आता पुरे करतो. श्रीकर आणि वाणीला माझे आशीर्वाद सांग. तुझा आशीर्वाद मागायचं तोंड नाही, पण रागाच्या भरात चुकून दिलास तर मी घेईन.

तुझा,
वादी

ता. क. पत्रासोबतच्या पार्सलात लोकरीचे लाल मोजे आहेत, गुडघ्यापर्यंतचे. त्या चार म्हाताऱ्यांनी दोन पाय वाटून घेऊन विणले, त्यामुळे डावा जरा लांब आहे. सोबत एक कार्ड आहे, त्यावर बेचाळीस जणांच्या सह्या आहेत आणि 'लवकर बरी हो' असं लिहिलं आहे. मोजे परत पाठवू नकोस. पापनाशमच्या उकाड्यात ते घालता येणार नाहीत हे मला कळतं, पण त्या बायकांनी ते खऱ्या मनानं विणले आहेत. या सगळ्यात खरं असं तेवढंच निघालं.

ता. क. दुसरा. तो सत्तरीचा नियम. तसा नियम नाही. तो कागद मी आमच्याकडच्या प्रिंटरवर छापला, खालचा शिक्का आपल्या मंडळीचाच आहे, फक्त उलटा मारलाय. हेल्गाच्या बोलावण्यात पहिलं नाव तुझं होतं. हे काल कमलाक्षीला सांगितलं तर ती म्हणाली, अक्कांना त्या दिवशीच कळलं होतं, जिना उतरताना त्यांनी मला तुकोजींचं वय विचारलं. मग तू 'बरं' का म्हणालीस? मला एकदा पुढे बसायचं होतं, अक्का, दुसरं काही कारण नाही. अप्पांनी चरण सगळे तुला दिले आणि मला ध्रुवपद दिलं, ते मी लहानपणापासून मनात धरून बसलो. नुसतं मागितलं असतं तर तू सरकून जागा दिली असतीस, हे मला आत्ता, हे लिहिता लिहिता कळतं आहे. चाळीस वर्षांत मी एकदाही मागितलं नाही.

ता. क. तिसरा. हेल्गाची ईमेल आली आहे. तिच्या कॉयरला नाताळात आपलं पद म्हणायचं आहे, पूर्ण. सगळं गाव विचारतंय म्हणे, की वाळूतली ती पावलं पुढे कुठे गेली. मी अप्पांची वही काढली. तिच्यात ध्रुवपद आहे आणि त्याखाली अप्पांच्या अक्षरात लिहिलं आहे, 'पुढील चरण चंद्रमतीस येतात.' एवढंच. तुझ्या त्या रेकॉर्डिंगमधले चरण लिहून घ्यायला बसलो, पण तुझा आवाज आला की मी मागून म्हणायला लागतो आणि लिहायचं राहतं. तरी पुढची ओळ आणि तिचा अर्थ एका कार्डावर लिहून धाडावास, ही विनंती. खरं तर हे सगळं पत्र त्यासाठीच लिहिलं.

ता. क. शेवटचा. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं. ती ओळ लिहून पाठवू नकोस. कार्डावर आली तर तुला यायचं कारण उरणार नाही. एकादशीस चारच्या गाडीला मी स्टेशनवर स्कूटर घेऊन उभा असेन. तुकोजींना आणि बाकीच्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही, पण जालराचा आवाज वीथीत गेला की ते येतील. पुढचं तू म्हण. मागून म्हणायला मी आहे.